आमदाराचे मत आणि आमदाराचा अधिकार : वीजधोरण, शाळेचे मैदान आणि वेस्टमीडचे घर

२०२२ साली, दोन महिन्यांच्या अंतराने, न्यू साउथ वेल्सचे तत्कालीन अर्थ व ऊर्जामंत्री मॅट कीन दोन अगदी वेगळ्या कारणांनी बातम्यांत आले. एप्रिलमध्ये विषय होता खेळातील पात्रतेचा. पारलिंगी स्त्रियांनी महिलांच्या गटात खेळण्यास विरोध करणाऱ्या कॅथरिन डेव्हिस यांना लिबरल पक्षाने संघीय निवडणुकीत वॉरिंगाह मतदारसंघातून उमेदवारी दिली होती. त्यांची समाजमाध्यमांवरील जुनी विधाने उजेडात आल्यावर ती उमेदवारी मागे घ्यावी, अशी उघड मागणी त्याच पक्षाच्या कीन यांनी केली. जूनमध्ये विषय होता विजेचा. १५ जून रोजी राष्ट्रीय वीजबाजाराचे व्यवहार इतिहासात प्रथमच स्थगित झाले. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत शक्य तेवढी वीज वाचवा, असे आवाहन संघीय ऊर्जामंत्री ख्रिस बोवेन यांनी राज्यातील घराघरांना केले. राज्यातील वीजकेंद्रांना कोळसा पुरवण्याचे आदेश खाणींना देता यावेत, म्हणून कीन यांनी आपत्कालीन अधिकार हाती घेतले.

व्यक्ती एकच, वर्षही एकच. तरीही या दोन प्रसंगांत एक मूलभूत फरक आहे. जूनमध्ये कीन यांच्या हाती अधिकार होता. एप्रिलमध्ये त्यांच्याजवळ मुख्यतः मत होते. राज्याच्या लोकप्रतिनिधीचे भाषण ऐकताना, त्याचे पत्रक वाचताना किंवा त्याला मत देताना हा फरक ध्यानात ठेवणे उपयोगाचे असते. वेस्टमीडसारख्या उपनगरात, जिथे रुग्णालयांत, बँकांत आणि संगणक कंपन्यांत काम करणारी भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तिथे हा प्रश्न वीजबिलापाशी आणि मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी येऊन पोहोचतो. राज्याची पुढची निवडणूक मार्च २०२७ मध्ये नियोजित आहे.

अधिकार कोणाकडे?

ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत संघीय संसदेच्या अधिकारांची यादी आहे. त्या यादीत वीज नाही आणि शालेय शिक्षणही नाही. त्यामुळे हे दोन्ही विषय मुळात राज्यांचे. कॅनबेरा पैशाच्या, करारांच्या आणि आंतरराष्ट्रीय वचनांच्या वाटेने त्यांत मोठा हस्तक्षेप करते, हे खरे. पण वीजवाहिनी कुठून जाईल, कोणत्या अटींवर प्रकल्प उभा राहील, सरकारी शाळा कशी चालेल, यांचे कायदे सिडनीच्या मॅक्वेरी स्ट्रीटवरील विधिमंडळात होतात. या विधिमंडळाच्या विधानसभेत ९३ आणि विधान परिषदेत ४२ सदस्य आहेत.

याचा नेमका प्रत्यय २०२२ च्या डिसेंबरमध्ये आला. युक्रेनमधील युद्धानंतर कोळसा आणि वायू यांचे दर भडकले होते. वायूच्या दराला मर्यादा घालण्याचे काम संघीय सरकार स्वतः करू शकत होते. कोळशासाठी मात्र त्याला राज्यांची मदत लागली. टनामागे १२५ डॉलरची कमाल मर्यादा ठरवण्यासाठी न्यू साउथ वेल्सचे विधिमंडळ नाताळच्या तोंडावर, २१ डिसेंबर रोजी, मुद्दाम बोलावण्यात आले. कॅनबेरात लेबर पक्ष आणि मॅक्वेरी स्ट्रीटवर लिबरल–नॅशनल आघाडी, अशी त्या वेळची स्थिती होती. तरीही पंतप्रधानांच्या योजनेची किल्ली राज्याच्या आमदारांच्या हाती होती.

कोळशाच्या राज्यातील आराखडा

कीन २०११ मध्ये हॉर्न्सबीमधून प्रथम निवडून आले. पेशाने ते सनदी लेखापाल होते. २०१९ मध्ये त्यांच्याकडे ऊर्जा आणि पर्यावरण ही खाती आली, तेव्हा राज्याची बहुतांश वीज कोळशावर तयार होत होती आणि कोळशाची केंद्रे म्हातारी झाली होती. लिडेल, वेल्स पॉइंट, इरॅरिंग आणि बेजवॉटर ही केंद्रे पुढील पंधरा वर्षांच्या आतबाहेर बंद होणार, हे मालक कंपन्यांच्या वेळापत्रकांवरून दिसत होते. ही सारी केंद्रे पूर्वी सरकारी मालकीची होती. २०१३ ते २०१५ या काळात ती विकली गेली होती. केंद्र कधी बंद करायचे हा निर्णय म्हणून कंपनीचा, आणि वीज गेली तर जाब सरकारला, अशी विचित्र वाटणी झाली होती.

त्यावरचे उत्तर म्हणून २०२० च्या नोव्हेंबरमध्ये वीज पायाभूत सुविधांचा आराखडा आणि त्याला कायद्याचे बळ देणारे विधेयक आले. २०३० पर्यंत १२ गिगावॅट नवी अक्षय वीजनिर्मिती, आठ तास पुरेल अशी २ गिगावॅट साठवण, पाच अक्षय ऊर्जा क्षेत्रे आणि सुमारे ३२ अब्ज डॉलरची खासगी गुंतवणूक, असे त्याचे ढोबळ आकडे. सेंट्रल-वेस्ट ओराना, न्यू इंग्लंड, साउथ वेस्ट, हंटर-सेंट्रल कोस्ट आणि इलावारा ही ती पाच क्षेत्रे. वारा आणि ऊन मुबलक असलेल्या प्रदेशांत प्रकल्प विखरून न बांधता एकत्र आणायचे आणि तिथवर मोठ्या वाहिन्या न्यायच्या, ही मूळ कल्पना.

हे विधेयक विरोधी लेबर पक्षाच्या आणि ग्रीन्सच्या पाठिंब्याने मंजूर झाले. विधान परिषदेत त्याला कडवा विरोध झाला तो वन नेशनचे तेव्हाचे नेते मार्क लेथम यांच्याकडून. त्यांच्या बाजूने शेकड्यांनी दुरुस्त्या मांडल्या गेल्या आणि चर्चा रात्र ओलांडून लांबली. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, कायदा झाला. मात्र त्या लांबलेल्या चर्चेमागचा आक्षेप निरर्थक नव्हता. ग्राहकांच्या नावाने दीर्घ मुदतीची हमी दिली, तर जोखीम शेवटी कोणाच्या माथी येते, हा तो प्रश्न होता. मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटेल.

दाभोळची आठवण

गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाचा करार महाराष्ट्राने १९९३ मध्ये केला. स्पर्धात्मक निविदा न मागवता एन्रॉनप्रणीत कंपनीला काम मिळाले. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागेल, दर डॉलरशी बांधलेला राहील आणि वर राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी, अशा त्याच्या अटी होत्या. १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केला, १९९६ मध्ये नव्या अटींवर तो पुन्हा केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने ती महाग वीज घेणे थांबवले. महाराष्ट्रात वीजधोरण हा तज्ज्ञांचा रुक्ष विषय राहिला नाही, तो घरोघरी बोलला गेला, यामागे दाभोळचा मोठा वाटा आहे.

न्यू साउथ वेल्समधील हमीची रचना वेगळी आहे. तिथे प्रकल्प स्पर्धात्मक निविदांतून निवडले जातात. निवडलेल्या प्रकल्पाला किमान दराचा पर्याय मिळतो, सक्तीची खरेदी नाही. बाजारात चांगला भाव असेल तर प्रकल्पाने वीज बाजारात विकावी. भाव कोसळला तरच त्याने हमी वापरावी, आणि पुढे भाव चढल्यावर घेतलेल्या रकमेचा काही भाग परत करावा. ग्राहकांच्या वतीने हे करार ठरवण्यासाठी ग्राहक विश्वस्त म्हणून स्वतंत्र संस्था नेमलेली आहे. दाभोळमधील एकतर्फी बांधिलकीशी तुलना करता ही रचना अधिक सावध आहे.

पण सावध म्हणजे फुकट नव्हे. या योजनेचा खर्च एका निधीतून भागवला जातो. त्या निधीत वीज वितरण कंपन्या पैसे भरतात आणि ते पैसे त्या ग्राहकांकडून वसूल करतात. पश्चिम सिडनीत ही वितरण कंपनी म्हणजे एंडेव्हर एनर्जी. वेस्टमीडमधील घराच्या वीजबिलात पुरवठादाराचे नाव कोणतेही असो, तारा आणि खांब तिचेच असतात, आणि त्यांच्या शुल्कातून या आराखड्याचा वाटा बिलात उतरतो. तो वेगळ्या ओळीत छापलेला नसल्यामुळे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आराखडा आणि त्याचे वेळापत्रक

कायदा झाल्यापासूनचा काळ या धोरणाच्या बाजूनेही बोलतो आणि विरुद्धही. लिडेल केंद्र २०२३ च्या एप्रिलमध्ये बंद झाले आणि दिवे गेले नाहीत. मनमोरा येथील जुन्या कोळसा केंद्राच्या जागी ८५० मेगावॅटची वॉराताह सुपर बॅटरी उभी राहिली. सेंट्रल-वेस्ट ओराना हे देशातील पहिले घोषित अक्षय ऊर्जा क्षेत्र ठरले. दुसऱ्या बाजूला वाहिन्यांची कामे मूळ अपेक्षेपेक्षा लांबली, त्यांचा खर्च वाढला आणि ज्यांच्या शेतांतून मनोरे जाणार त्या गावांत संताप साचला. शहराला स्वच्छ वीज मिळावी म्हणून गावाने आपले क्षितिज द्यायचे, ही तक्रार कोकणातील किंवा मराठवाड्यातील कोणत्याही प्रकल्पग्रस्ताला परकी वाटणार नाही.

या विलंबाचे सर्वात ठळक चिन्ह म्हणजे इरॅरिंग. २,८८० मेगावॅटचे हे देशातील सर्वात मोठे कोळसा केंद्र २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद करण्याचा इरादा मालक कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केला होता. २०२४ च्या मेमध्ये ख्रिस मिन्स यांच्या लेबर सरकारने कंपनीशी करार करून ते ऑगस्ट २०२७ पर्यंत चालू ठेवण्याची व्यवस्था केली. पर्यावरणवाद्यांनी याला माघार म्हटले, सरकारने विमा म्हटले. दोन्ही शब्दांत तथ्य आहे. पर्यायी वीज वेळेवर आली असती तर विम्याची गरज पडली नसती.

दरम्यान अणुऊर्जेचा मार्गही चर्चेत आला. राज्यात १९८६ च्या कायद्याने अणुऊर्जा केंद्रांना बंदी आहे. ती उठवण्यासाठी लेथम यांनी २०१९ मध्ये विधेयक मांडले होते आणि आघाडी सरकारमधील काही नेत्यांचाही त्या कल्पनेला पाठिंबा होता. कीन यांनी राज्याचे मुख्य शास्त्रज्ञ ह्यू ड्युरंट-व्हाइट यांचा सल्ला घेतला. हा पर्याय फार वेळखाऊ आणि फार महाग ठरेल, असा तो सल्ला असल्याचे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. हे त्यांनी सांगितले तेव्हा ते आमदारकी सोडण्याच्या वाटेवर होते. २०२४ च्या जूनमध्ये संघीय लेबर सरकारने या माजी लिबरल मंत्र्याला हवामान बदल प्राधिकरणाचे अध्यक्ष नेमले. त्याच सुमारास त्यांच्याच पक्षाने संघीय पातळीवर सात अणुकेंद्रांची योजना पुढे केली होती, आणि त्यांपैकी दोन जागा, लिडेल आणि माउंट पायपर, न्यू साउथ वेल्समधल्या होत्या. २०२५ च्या मे महिन्यातील संघीय निवडणुकीत मतदारांनी त्या पक्षाला सत्ता दिली नाही. राज्यातील बंदीचा कायदा मात्र त्या निकालाने बदलला नाही आणि बदलणारही नव्हता. तो बदलायचा तर पुन्हा मॅक्वेरी स्ट्रीटवरच जावे लागेल.

युनिटमध्ये राहणाऱ्याचे काय?

वेस्टमीडच्या दृष्टीने या धोरणात एक दरी आहे. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून अधिक छपरांवर सौर पट्ट्या बसल्या आहेत. राज्याची आणि संघीय सरकारची अनुदाने आता घरगुती बॅटरीलाही मिळतात. परंतु स्थानकाभोवतीच्या इमारतींत, भाड्याच्या दोन खोल्यांच्या युनिटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला स्वतःचे छप्पर नसते. मालकीचे युनिट असले तरी छप्पर सामाईक असते आणि त्यावर काहीही बसवायचे तर स्ट्राटा समितीची संमती लागते. ज्याच्याजवळ घर आहे त्याचे बिल घटते, आणि नव्या वाहिन्यांचा खर्च मात्र सर्वांच्या बिलांत विभागला जातो.

ही विषमता राज्य सरकारला ठाऊक नाही असे नाही. युनिटधारकांच्या इमारतींसाठी सौर अनुदानाची योजना २०२५ मध्ये सुरू झाली. पण स्ट्राटाचे नियम, भाडेकरूचे हक्क आणि सामाईक छपरावरील विजेची वाटणी हे सगळे राज्याच्या कायद्याचे विषय आहेत. म्हणजे वेस्टमीडच्या मतदाराला आपल्या आमदाराकडे काही मागायचे असेल, तर ‘हवामान बदलावर तुमचा विश्वास आहे का’ या प्रश्नापेक्षा ‘आमच्या इमारतीच्या छपरासाठी तुम्ही कोणता नियम बदलाल’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

मैदानावर कोण उतरेल?

आता एप्रिलमधील विषयाकडे. शालेय खेळांतील पात्रता म्हटली की महाराष्ट्रात वाढलेल्या पालकांच्या मनात जन्मतारीख येते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, शाळेचा बोनाफाइड दाखला, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी, आणि वय चोरल्याच्या तक्रारी. न्यू साउथ वेल्समध्येही पायऱ्या आहेत. शाळेच्या कार्निव्हलमधून झोन, तिथून विभाग आणि पुढे राज्य. प्राथमिक शाळांची, सरकारी माध्यमिक शाळांची, कॅथलिक आणि स्वतंत्र शाळांची संघटना वेगवेगळी. येथेही वयाचे गट आहेत. मात्र गेल्या काही वर्षांत वाद पेटला आहे तो मुलींच्या गटात कोणी खेळावे यावरून.

कायदा काय सांगतो? १९८४ च्या संघीय लिंगभेदविरोधी कायद्यात २०१३ मध्ये लिंगभाव ओळखीच्या आधारे होणाऱ्या भेदभावाविरुद्ध संरक्षण जोडले गेले. त्याच कायद्याच्या ४२ व्या कलमात खेळासाठी अपवाद आहे. ज्या स्पर्धात्मक खेळात ताकद, दमसास किंवा शरीरयष्टी यांना महत्त्व आहे, तिथे लिंग वा लिंगभाव ओळखीच्या आधारे एखाद्याला वगळणे बेकायदा ठरत नाही. पण हा अपवाद बारा वर्षांखालील मुलांच्या खेळाला लागू नाही, आणि प्रशिक्षण, पंचगिरी किंवा व्यवस्थापन यांनाही नाही. राज्याच्या १९७७ च्या भेदभावविरोधी कायद्यातही पारलिंगी व्यक्तींच्या संदर्भात खेळासाठी अपवाद आहे.

बारा वर्षांची ही रेषा शाळेच्या जीवनात नेमकी कुठे पडते, ते पाहण्यासारखे आहे. ती प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या मधून सरळ जात नाही. ती सहावीच्या वर्गातून जाते. वर्षाच्या मध्याला त्या वर्गातील काही मुले बारा वर्षांची झालेली असतात, काही नसतात. शर्यत एकच असते. कायद्यात एका ओळीत लिहिलेला अपवाद अंमलात आणण्याचे काम अशा वेळी कोणा आमदाराकडे नसते. ते त्या दिवशी शिट्टी हातात घेतलेल्या शिक्षिकेकडे आणि मुख्याध्यापकांकडे असते.

दोन बाजूंचे म्हणणे

या वादात दोन्ही बाजूंनी मुलांचे नाव घेतले जाते, आणि दोन्ही बाजूंच्या चिंता खऱ्या आहेत. एका बाजूचे म्हणणे असे. मुलींचा वेगळा गट निर्माण झाला तो शारीरिक फरकामुळे. पौगंडावस्थेनंतर मुलग्यांच्या शरीरात उंची, स्नायू आणि वेग यांत येणारा फरक औषधांनी पूर्णपणे पुसला जात नाही. मुलींनी वर्षानुवर्षे घाम गाळून मिळवलेले स्थान, शिष्यवृत्ती किंवा निवड त्यामुळे हिरावली जाऊ शकते. संपर्काच्या खेळांत इजेचाही धोका आहे. जागतिक जलतरण संघटनेने २०२२ च्या जूनमध्ये आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने २०२३ च्या मार्चमध्ये पुरुषी पौगंडावस्था अनुभवलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिलांच्या जागतिक स्पर्धांतून वगळले, ते याच तर्काने.

दुसरी बाजू म्हणते, ऑलिम्पिकचा नियम शाळेच्या मैदानावर आणणे चुकीचे आहे. शालेय खेळाचा हेतू मैत्री, आरोग्य आणि आत्मविश्वास हा असतो. पारलिंगी विद्यार्थी संख्येने फार थोडे असतात, आधीच एकटे पडलेले असतात, आणि त्यांना वगळणारा प्रत्येक जाहीर निर्णय त्यांचे एकटेपण वाढवतो. शिवाय पात्रता तपासायची म्हटली तर ती सर्वच मुलींची तपासावी लागेल. जिची उंची अधिक, आवाज जाड किंवा केस आखूड, तिच्याकडे संशयाने पाहिले जाईल. भारतीय वाचकांना या मुद्द्याचे वजन सांगावे लागत नाही. शांती सौंदरराजन यांचे २००६ च्या आशियाई स्पर्धेतील रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेतले गेले. द्युती चंद यांना २०१४ मध्ये बाहेर बसवले गेले आणि २०१५ मध्ये क्रीडा लवादाकडे दाद मागून त्या परत मैदानावर आल्या. या दोघी पारलिंगी नव्हत्या. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या या खेळाडूंनाही पात्रतेच्या चाचणीचा जाहीर अपमान सोसावा लागला.

या दोन टोकांच्या मध्ये वय, खेळाचा प्रकार आणि स्पर्धेची पातळी अशा तीन कसोट्या लावता येतात. आठ वर्षांच्या मुलांची धावशर्यत आणि सतरा वर्षांच्या मुलींची राज्यस्तरीय रग्बी यांना एकच नियम लावण्याची गरज नाही. सध्याच्या कायद्याचा रोखही साधारण असाच आहे.

विधेयक, उमेदवार आणि गदारोळ

२०२२ च्या फेब्रुवारीत टास्मानियाच्या सेनेटर क्लेअर चँडलर यांनी महिलांच्या खेळांसाठी केवळ जन्मलिंगाचा निकष कायदेशीर करणारे विधेयक संघीय सेनेटमध्ये मांडले. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी त्याचे कौतुक केले, पण ते मंजूर झाले नाही. त्यानंतर डेव्हिस यांच्या उमेदवारीचा वाद पेटला. जुन्या विधानांबद्दल त्यांनी माफी मागितली, मॉरिसन यांनी त्यांना पाठिंबा दिला. मुख्य प्रवाहातील पक्षात अशा द्वेषाला जागा नसावी, ही कीन यांची भूमिका होती. त्याच राज्य सरकारचे प्रमुख, प्रीमियर डॉमिनिक पेरोटे यांनी मात्र मुलींनी मुलींशी आणि मुलग्यांनी मुलग्यांशीच खेळावे, असे मत मांडले. २१ मे रोजी वॉरिंगाहमधून अपक्ष झाली स्टेगॉल पुन्हा निवडून आल्या.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट घडली नाही. न्यू साउथ वेल्स सरकारने खेळातील पात्रतेविषयी कोणताही नवा कायदा आणला नाही. प्रीमियरनी एक मत दिले, अर्थमंत्र्यांनी दुसरी भूमिका घेतली, आणि शाळेतील नियम होते तिथेच राहिले. राज्यात त्याआधी लेथम यांनी पालकांच्या हक्कांच्या नावाने शालेय शिक्षणाविषयी विधेयक आणले होते. लिंगभावाच्या प्रवाहीपणाविषयी शाळेत शिकवण्यास त्याचा विरोध होता. विधिमंडळाच्या समितीने त्याला अनुकूलता दाखवली, परंतु पेरोटे सरकारने २०२२ मध्ये त्याला पाठिंबा नाकारला. पुढे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विधिमंडळाने अपक्ष आमदार ॲलेक्स ग्रीनविच यांचे विधेयक मंजूर केले आणि जन्मदाखल्यातील लिंगनोंद बदलण्यासाठी असलेली शस्त्रक्रियेची अट काढून टाकली. जन्मदाखला हे राज्याच्या अखत्यारीतील कागदपत्र आहे. आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना मात्र पात्रता ठरवताना त्या नोंदीला शेवटचा शब्द मानत नाहीत.

विजेच्या बाबतीत आमदाराचे मत आकड्यांत, तारखांत आणि बिलात उतरते. खेळाच्या पात्रतेत ते बहुधा मथळ्यापुरते राहते, कारण अधिकार संघीय कायदा, क्रीडा संघटना, शिक्षण खाते आणि शाळा यांच्यात वाटलेला आहे. निवडणुकीच्या काळात होते नेमके उलटे. ज्या विषयात आमदाराचा हात थोडा, त्यावर आवाज मोठा असतो. ज्या विषयात त्याचे एक मत पुढच्या वीस वर्षांचे दर ठरवू शकते, त्यावर फारसे कोणी विचारत नाही.

पक्षाचा शिक्का पुरेसा नाही

कीन यांच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. पक्षाचे नाव ऐकून मताचा अंदाज बांधता येत नाही. २०२० च्या जानेवारीत त्यांनी हवामानप्रश्नी अधिक कृतीची मागणी केली, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या पंतप्रधानांनी त्यांची जाहीर हेटाळणी केली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचा कायदा विरोधी पक्षाच्या मतांसह मंजूर झाला. २०२३ च्या मार्चमध्ये सरकार बदलले, लेबरच्या पेनी शार्प ऊर्जामंत्री झाल्या, तरी आराखडा टिकला. त्याच वर्षाच्या शेवटी २०३० पर्यंत ५० टक्के, २०३५ पर्यंत ७० टक्के आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही लक्ष्ये कायद्यात आली. एका आमदाराने दुसऱ्या पक्षाला सोबत घेऊन केलेले काम सत्तांतरातही तग धरते.

२०२३ मध्ये पॅरामॅटाची जागा लिबरलांकडून लेबरकडे गेली आणि शहराच्या माजी लॉर्ड मेयर डोना डेव्हिस आमदार झाल्या. या परिसरातील मतांचे पारडे झुकू शकते, म्हणून दोन्ही मोठे पक्ष इथे मते मागायला येतात. दिवाळीच्या मंडपात आणि गणेशोत्सवाच्या आरतीला उमेदवार दिसतात, हात जोडतात, छायाचित्रे निघतात. त्या पाच मिनिटांत विचारता येतील असे काही प्रश्न आहेत :

• कोळसा केंद्रे बंद होण्याच्या तारखा आणि नव्या वाहिन्या पूर्ण होण्याच्या तारखा यांत अंतर पडले, तर त्याचा खर्च कोणी सोसावा?

• आराखड्याचा जो वाटा वितरण शुल्कातून वसूल होतो, तो बिलावर वेगळा दाखवण्यास तुमचा पाठिंबा आहे का?

• भाडेकरू आणि युनिटधारक यांना सौर वीज व बॅटरी यांचा लाभ मिळावा म्हणून स्ट्राटाच्या कायद्यात कोणता बदल सुचवाल?

• १९८६ ची अणुऊर्जाबंदी ठेवणार की उठवणार? उठवणार असाल तर केंद्र कुठे, किती वर्षांत आणि कोणाच्या पैशांनी?

• शालेय खेळांतील पात्रतेविषयी तुमचे मत आहे की विधेयक? विधेयक असेल तर ते कोणत्या वयापासून, कोणत्या पातळीवर लागू होईल आणि पात्रता तपासणार कोण?

शेवटच्या प्रश्नाचा उत्तरार्ध महत्त्वाचा आहे. ‘मुलींचे खेळ वाचवा’ आणि ‘सर्वांना सामावून घ्या’ ही दोन्ही वाक्ये टाळ्या मिळवतात. तपासणार कोण, या प्रश्नावर टाळ्या थांबतात आणि खरी चर्चा सुरू होते.

वेस्टमीडमधील अनेक मराठी कुटुंबे अद्याप कायम रहिवासी किंवा तात्पुरत्या व्हिसावर आहेत. त्यांना मतदानाचा अधिकार नाही, पण त्यांच्या बिलात आराखड्याचा वाटा आहे आणि त्यांची मुले त्याच कार्निव्हलमध्ये धावतात. आमदाराचे कार्यालय मतदारसंघात राहणाऱ्या प्रत्येकाचे असते. तिथे पत्र देता येते, वेळ मागता येते, आणि विधानसभेकडे जाणाऱ्या सार्वजनिक अर्जावर राज्यातील रहिवासी म्हणून सही करता येते. नागरिकत्व मिळालेल्यांना मतदान सक्तीचे आहे. आपले घर नेमके कोणत्या मतदारसंघात येते, हे राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे, कारण मतदारसंघांच्या सीमा उपनगरांच्या सीमांवरूनच जातात असे नाही.

उमेदवार बोलत असताना त्याचे म्हणणे आपल्याला पटते की नाही, हे मन लगेच ठरवते. त्याच्या आधी एक क्षण थांबून, हे करण्याचा अधिकार याच्याकडे आहे का, एवढे स्वतःला विचारावे. दाभोळच्या वेळी महाराष्ट्रात हा प्रश्न उशिरा विचारला गेला आणि त्याची किंमत सामान्य ग्राहकाने मोजली. वेस्टमीडच्या मतदाराला तो प्रश्न वेळेवर विचारण्यासाठी २०२७ च्या मार्चपर्यंतची मुदत आहे.